ट्रिपला फोटोग्राफर घ्यायचा का? मुंबईतले दोन तास

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. 'म्हणजे', 'ना', 'हां' यातले निम्मे काढून टाकलेत. निम्मे राहिलेत.)



आजचा विषय जरा चैनीचा वाटेल. फिरायला गेल्यावर पैसे देऊन फोटोग्राफर घ्यायचा का? म्हणजे लग्न नाही, प्री-वेडिंग नाही, बारसं नाही. नुसतं एखादं शहर बघायला गेलोय आणि दोन तास कुणीतरी कॅमेरा घेऊन आपल्याबरोबर चालतंय. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. खिशात एवढा महागाचा फोन, त्याचे हप्ते अजून फिटायचेत, आणि वर फोटोग्राफर?

यंदा जानेवारीत मी घेतला. मुंबईत. पण तिथे यायच्या आधी थोडं घरचं सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला वाटेल हिला पैसे जास्त झालेत.

आमच्या घरी फोटो काढायचे ते बाबा. आम्ही संगमनेरचे. तेव्हा आमच्या गल्लीत कॅमेरा असलेली घरं दोन-तीन, त्यातलं एक आमचं. हॉटशॉट होता त्यांच्याकडे. एका रोलमध्ये ३६ फोटो, आणि तो रोल ते तीन-तीन सण पुरवायचे. शिर्डी, महाबळेश्वर, मामाच्या शेतातला हुरडा, दादाची मुंज, सगळं आहे अल्बममध्ये. बाबा नाहीत. महाबळेश्वरच्या एका फोटोत खाली मातीवर त्यांची सावली पडलीये, दोन्ही कोपर वर केलेली. तेवढेच.

२०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. फ्रेम करायला फोटो हवा म्हणून दादा आणि मी रात्री दोन वाजता अल्बम, व्हॉट्सॲप, कपाटातले जुने बंद फोन, सगळं उपसत बसलो होतो. आधार कार्डावरचा फोटो कसा असतो ते तुम्हाला माहितीच आहे. शेवटी चुलत बहिणीच्या लग्नातला एक सापडला. जेवण झालंय, बाबा मान जरा वाकडी करून कुणाशी तरी बोलताना हसतायत. स्टुडिओवाल्याने शेजारच्या काकांचा खांदा पुसून टाकला, मागे निळा रंग भरला. तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. जवळून बघितलं तर खालच्या कोपऱ्यात आईस्क्रीमचा चमचा अजून दिसतो.

आणि मग बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की आता घरात फोटो काढणारी मी आहे. माझ्या फोनमध्ये दादा, वहिनी, भाचा, सगळे आहेत. मी फक्त सेल्फीत आहे, आणि तेही नुसतं कपाळ आणि लांबलेला हात. आई आहे, पण कशी? वाढताना. कुणाच्या तरी मागे. किंवा "अगं माझा कशाला" म्हणत तोंडासमोर हात धरलेली.

तर हे कारण. आता मुंबईच का, तर आई-बाबांचा एकच बरा फोटो होता, १९८६ चा, लग्नानंतरचा. गेटवे ऑफ इंडियाच्या समोर. तिथल्या फिरत्या फोटोग्राफरने काढलेला. त्याने घरचा पत्ता लिहून घेतला होता आणि फोटो नंतर पोस्टाने संगमनेरला आला. दोघांच्या मध्ये सहज एक माणूस उभा राहील एवढं अंतर आहे. त्यानंतर आई मुंबईला गेली ती हॉस्पिटलला नाहीतर लग्नाला. फिरायला कधीच नाही.

मी शोधायला लागले तेव्हा आधी एका मैत्रिणीला फोन केला, कारण तिने दोन वर्षांपूर्वी गोव्यात असाच फोटोग्राफर घेतला होता. तिने जे सांगितलं त्याने माझा उत्साह निम्मा झाला. माणूस तासभर उशिरा आला. फोटो काढले छान, पण नंतर म्हणाला ठरलेल्या पैशात १५ च मिळतील, बाकी हवे असतील तर प्रत्येकी वेगळे पैसे. आणि महिन्याभराने तिच्या ऑफिसमधल्या कुणीतरी तिला तिचाच रील पाठवला, पाण्यात उभी असलेली, ओली, मागे ट्रेंडिंग गाणं. तिला विचारलंच नव्हतं. तिने मेसेज केला तर उत्तर आलं, "मॅम, आपका तो अच्छा प्रमोशन हो रहा है."

म्हणून मी जरा वाचलं, आणि एक गोष्ट मला माहितीच नव्हती. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ चा कायदा, कलम १७, असं म्हटलंय की तुम्ही पैसे देऊन तुमच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, आणि वेगळा काही करार केला नसेल, तर त्या फोटोचे पहिले मालक तुम्ही. फोटोग्राफर नाही. बऱ्याच फोटोग्राफरना वाटतं की क्लिक मी केलं म्हणजे माझं. बऱ्याच गिऱ्हाइकांनाही तसंच वाटतं. पण 'वेगळा करार नसेल तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत हां. बुकिंगच्या वेळी जो फॉर्म येतो, ज्यावर आपण न वाचता टिक करतो, तिथे बरेचदा लिहिलेलं असतं की हक्क आमचे, आम्ही कुठेही वापरू. झाला की करार! तेव्हा ती टिक करायच्या आधी वाचा. आणि फॉर्म नसेल तर व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका: आमचे फोटो, खासकरून लहान मुलाचे, विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. समोरून 'ओके' येऊ द्या आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मी ज्या मुलीला घेतलं ती इन्स्टावर सापडली. आता इन्स्टावर सगळ्यांचेच फोटो भारी असतात, कारण तिथे वर्षभरातले सगळ्यात चांगले नऊ वर लावलेले असतात. त्यावरून काहीच कळत नाही. मी तिला म्हटलं, मला एका घराचे, एका दिवसाचे सगळे फोटो दाखव, जे तू त्यांना दिलेस ते सगळे. दोघांनी हे टाळलं होतं. हिने त्या घरातल्या लोकांना विचारून एक फोल्डर पाठवलं. त्यात एक आजोबा होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जागेवर होत्या. तिथेच माझं ठरलं.

पैसे: दोन तासांचे साडेपाच हजार, त्यातले दीड हजार आधी. एडिट केलेले ४५ फोटो, बारा दिवसांत. जास्तीच्या फोटोंचा दर काय, कुणी आजारी पडलं तर तारीख बदलता येईल का, हे सगळं तिनेच आपणहून लिहिलं. हा माझा आकडा आहे, दर माणसागणिक आणि शहरागणिक बदलतो. आणि हो, साडेपाच हजार कमी नाहीत. आम्ही हॉटेल स्वस्तातलं घेतलं आणि दोघा भावंडांनी निम्मे-निम्मे केले.

तिने मला तीन प्रश्न विचारले. कोण कोण येणार आणि वयं काय, हा पहिला. दुसरा, फोटोला सगळ्यात जास्त कोण लाजतं. आणि तिसरा, आईंना काय करायला आवडतं. मी पहिल्या दोनांची उत्तरं लगेच दिली. तिसऱ्याला मी टाइप करून पुसलं, टाइप करून पुसलं. स्वयंपाक लिहिणार होते, पण तो तिला आवडतो की करावा लागतो? शेवटी लिहिलं: चहा, आणि हिशोब.

वेळ तिने सकाळी सातची दिली. दादा कुरकुरला. पण ती म्हणाली गेटवे पूर्वेच्या समुद्राकडे तोंड करून उभा आहे, जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, तो थेट पाण्यावरून कमानीवर येतो, आणि तासाभरात गर्दी होते. संध्याकाळ हवी असेल तर मग मरीन ड्राइव्ह, तिथे समुद्र पश्चिमेला. किंवा ओव्हल मैदान. तिथे एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारती, २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलेला तोच भाग. मावळतीचं ऊन टॉवरच्या वरच्या भागावर पडतं. सीएसएमटी पण सुंदर, पण बाहेरून. आत असा पैसे घेऊन शूट करायचा तर रेल्वेची परवानगी लागते. आणि दक्षिण मुंबईत कुणी तुम्हाला "ड्रोन शॉट पण देतो" म्हणाला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. शेजारी नौदलाचा तळ आहे, गंमत नाही ती.

तर सकाळी सात. बुधवार. आई नऊवारी नाही, साधी मोरपंखी सहावारी नेसलेली, वर स्वेटर, कारण तिच्या मते थंडी होती. फोटोग्राफर आली, एक कॅमेरा, एक छोटी बॅग. आईला वाकून नमस्कार केला. आणि पहिली गोष्ट काय केली, तर आमचे सगळ्यांचे फोन मागितले आणि आईच्या कापडी पिशवीत टाकले. "काकू, दोन तास कुणालाही द्यायचे नाहीत." आई खूश! आमचे फोन जप्त करायची तिची केवढ्या वर्षांची इच्छा.

मग आईला म्हणाली, "तुम्ही नुसतं चाला, माझ्याकडे बघू नका." आणि आई पुतळा झाली. खरंच. दोन्ही हात समोर बांधलेले, मान ताठ, डोळे समोर. "बघू नको" म्हटल्यावर माणूस किती अवघडतो ते मी त्या दिवशी बघितलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग त्या मुलीने कॅमेरा खांद्याला अडकवला आणि आईशी गप्पा मारत बसली कठड्याजवळ. संगमनेरहून किती वाजता निघालात, गुडघे कसे आहेत, कांद्याला भाव काय. मी मनात हिशोब करत होते, मिनिटाला ४५ रुपये, आणि या कांद्यावर बोलतायत.

तेवढ्यात तिथले एक फोटोवाले काका आले. गेटवेला गेला असाल तर बघितलं असेल, गळ्यात कॅमेरा, खांद्याला छोटा प्रिंटर, हातात नमुन्याचे फोटो. सगळ्यांच्या हातात फोन आल्यापासून त्यांचा धंदा किती बसलाय ते तिथे पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. आमच्याकडे मोठा कॅमेरावाली मुलगी बघून ते जरा थबकले. मला कसंसंच झालं. पण आईने त्यांना हाक मारली. "अहो, एक काढा आमचा."

आणि मंडळी, काय सांगू. काकांनी हाताने खूण केली, "ताई, जरा डावीकडे, बास, पदर खाली घ्या, हनुवटी वर, इकडे बघा." आई सरसर सरकली, पदर नीट केला, थेट कॅमेऱ्यात बघितलं आणि हसली. एका क्लिकमध्ये! दोन मिनिटांत प्रिंट हातात. आमची फोटोग्राफर शेजारी उभी राहून तेही शूट करत होती, फोटो काढून घेणारी आई.

नंतर मला वाटलं, आपण कँडिड कँडिड करतो, पण आईच्या पिढीला फोटो म्हणजे उभं राहणं. नीट तयार होऊन, सगळ्यांनी श्वास धरून. न सांगता काढला तर ती चोरी. आणि गंमत म्हणजे शब्दाचा इतिहास तसाच आहे. १९२८ मध्ये एरिक सॉलोमन नावाच्या जर्मन फोटोग्राफरने बर्लिनच्या कोर्टात लपवून नेलेल्या छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढले. बंदी असताना! पुढे त्याच्या अशा फोटोंमुळेच कँडिड हा शब्द फोटोला चिकटला. म्हणजे मुळात ज्याचा फोटो त्याला पत्ताच नाही. आणि आपण काय करतो, तर दीड हजार ॲडव्हान्स देऊन, तारीख ठरवून, मॅचिंग कपडे घालून म्हणतो, आमचा नकळत फोटो काढा. कसं जमणार ते? जमतं, पण माणूस समोरच्याला विसरेपर्यंत वेळ द्यावा लागतो. ती वीस मिनिटं त्याचीच होती. माझ्या डोक्यात तेव्हा हे आलं नाही, तेव्हा फक्त ४५ रुपये मिनिट चाललं होतं.

गेटवेहून आम्ही टॅक्सीने हॉर्निमन सर्कलला निघालो. दादा, वहिनी आणि भाचा फोटोग्राफरबरोबर एका टॅक्सीत, आई आणि मी दुसरीत. आईच्या मांडीवर फोनची पिशवी आणि हातात तो प्रिंट. ती बाहेर बघत म्हणाली, "मला कळतंय हां तू हे कशासाठी करतेयस."

मी म्हटलं, "कशासाठी?"

"हाराचा फोटो."

मला काय बोलावं सुचेना. नाही म्हणाले असते तर खोटं झालं असतं, कारण थोडं ते होतंच. म्हणजे सगळं तेवढंच नव्हतं, पण होतं. मी म्हटलं, "आई, बाबांच्या वेळी ती रात्र..." आणि पुढे बोलता येईना. ती म्हणाली, "माहितीये. म्हणून तर साडी बदलली मी सकाळी, आधी ती मळखाऊ नेसले होते." मग थोड्या वेळाने, "पण तो चुकूनही त्या पोरीकडून गोरा करून घेऊ नकोस. लोक म्हणतील ही कोण."

टॅक्सीवाले काका आरशातून बघत होते. त्यांना मराठी येत असावं.

एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर प्री-वेडिंगवाल्यांची गर्दी, गाऊन काय, धूर काय, एक मुलगा बिचारा मुलीला उचलून तिसऱ्यांदा पोज देत होता. आम्ही तिथे थांबलोच नाही. सर्कलच्या कमानींखालून चाललो. सकाळी तिथे सावलीत छान मऊ उजेड असतो, आणि दुकानं बंद, त्यामुळे मोकळं. भाचा खांब मोजत पळत होता, आई त्याच्या मागे "अरे पडशील." ते फोटो चांगले आलेत. पण खरे आले ते नंतर, फोर्टातल्या एका इराण्याकडे. आम्ही मालकांना विचारून बसलो, कोपऱ्यातलं टेबल. बन मस्का, चहा. चहा आल्यावर आई सगळं विसरली. भाच्याचं तोंड पुसलं, वहिनीच्या बशीत आपला अर्धा बन टाकला, आणि बिल आलं तेव्हा माझ्या हातातून ओढून बेरीज करायला लागली. मी म्हणते, "आई, दे ना, मी देते," ती म्हणते, "थांब, एक चहा जास्त लावलाय." खरंच जास्त लावला होता.

बारा दिवसांनी लिंक आली. पहिल्या खेपेला सगळ्यांचे चेहरे थोडे गुळगुळीत, आई दोन शेड उजळ. मी सांगितलं होतं तरीही. तिने माफी मागितली, म्हणाली सॉफ्टवेअरमध्ये तिची नेहमीची सेटिंग राहून गेली, आणि दोन दिवसांत सगळे परत पाठवले. ४५ मधले दहा-बारा खरंच आवडले, वीस ठीक, बाकीचे म्हणजे आपल्या फोननेही आले असते असे. एवढंच असतं, अपेक्षा तेवढीच ठेवा. दादा तर निम्म्या फोटोंत खिसा चाचपतोय, फोन शोधत.

त्यात एक आहे बिलाच्या भांडणाचा. आई बोट नाचवतेय, मी हात पुढे केलेला, मान वाकडी करून हसतेय. माझा असा फोटो माझ्याकडे नव्हता, कारण काढणार कोण? दादाने तो ग्रुपवर टाकला आणि खाली हॉलमधल्या फ्रेमचा फोटो टाकला. आईस्क्रीमच्या चमच्यासकट. मान तीच, त्याच बाजूला. त्याने काही लिहिलं नाही. मीही नाही. वहिनीने हार्ट टाकलं.

आईला हा फोटो आवडला नाही. "भांडकुदळ दिसतेय मी." तिने निवडला तो गेटवेच्या काकांचा प्रिंट. समोर बघणारा, पदर नीट. तो तिने १९८६ च्या फोटोशेजारी कपाटाच्या काचेत अडकवलाय. आणि हळूच मला सांगून ठेवलंय, लागेल तेव्हा हाच घ्या. तो प्रिंट पन्नास रुपयांचा.

मला विचाराल तर साडेपाच हजार वाया गेले का? नाही. पुन्हा घेईन का? दर ट्रिपला नाही. पण ज्या ट्रिपला सगळे एकत्र आहेत, आणि असे सगळे पुन्हा कधी जमतील सांगता येत नाही, तिथे घेईन. आणि तेवढे पैसे नसतील तर एक करा. तुमच्यातला जो नेहमी फोन धरतो त्याच्या हातातून तो तासभर काढून घ्या, दुसऱ्या कुणाला द्या. फोटो वाकडे येतील, बोट येईल मध्ये. येऊ दे.

आणि हो, या लिंकची मुदत असते हां, बहुतेक वेळा महिनाभर. मी पंचविसाव्या दिवशी धावतपळत उतरवून घेतले. संगमनेरच्या स्टुडिओतून बारा प्रिंट काढून आणलेत, अल्बममध्ये लावायचेत. अल्बमची चिकटपट्टी जुनी झालीये, कोपरे कुठे मिळतात कुणाला माहीत असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा.

पुढच्या मंगळवारी भेटू. बाय!